भाऊ, साहेब आणि क्यूबाची पेटी

मी आयुष्यात कधी सिगार ओढलेला नाही. पण क्यूबाचा सिगार कोणता आणि दुसरीकडचा कोणता, हे हातात घेऊन सांगता येतं असं मला चोविसाव्या वर्षी वाटत होतं. त्या वाटण्यापायी एका माणसाच्या माथी चोरी आली. ती चोरी झालीच नव्हती. हे मी आजवर दोनदाच तोंडाने सांगितलं आहे, एकदा अर्धं आणि एकदा पूर्ण. आता लिहून ठेवते.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. चंद्रपूरच्या वीज केंद्रात नवे संच बसत होते. त्यांची काही यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीने तुकूमच्या पुढे एक बंगला भाड्याने घेतला होता. खाली ऑफिस, वर परदेशातून आलेल्या तज्ज्ञ साहेबांची राहायची खोली. मी तिथे टायपिस्ट. इंग्रजी बरं होतं म्हणून साहेबांची दुभाषीही मीच. माझा थोरला भाऊ वीज केंद्रात कोळशाच्या कामावर होता. त्याच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये मी राहायचे आणि सायकलने ऑफिसला यायचे. आमच्या घरात इंग्रजी बोलून पगार घेणारी मी पहिली. वडील वडशाजवळच्या गावात दुसऱ्यांच्या धानात राबले. छपन्न साली दीक्षा घेऊन परतले तेव्हापासून पोरांना शिकवायचं एवढी एकच गोष्ट त्यांनी धरून ठेवली होती.

बंगल्यातला स्वयंपाक आणि वरचं सगळं काम करणाऱ्या माणसाला सगळे भाऊ म्हणत. साहेबसुद्धा 'बाऊ, बाऊ' करत. आरमोरीच्या पुढच्या खेड्यातले, वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने काटक. आमच्याच समाजाचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं, वडील कोण ते विचारलं, आणि म्हणाले, "आपली पोरगी खुर्चीवर बसून राह्यली. लय बरं वाटलं पाहून."

त्यानंतर चारचौघांत मात्र ते मला 'बाई' आणि 'तुमी' म्हणत. मला ते आवडायचं. आणि आम्ही दोघं एकाच समाजाचे आहोत हे ऑफिसात कोणी फार बोलू नये असंही वाटायचं. मॅनेजर आडनावावरून माणूस जोखणारा होता. मला तो "तुमच्यातल्या तुम्ही हुशार निघालात" असं म्हणायचा आणि ते त्याला कौतुक वाटायचं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते कौतुकच वाटायचं.

साहेबांकडे सिगारच्या दोन पेट्या असत. दोन्हींवर नाव एकच, चित्रंही जवळपास तीच. मी एकदा पत्र टाईप करून वर घेऊन गेले तेव्हा सहज विचारलं की एकाच मालाच्या दोन पेट्या वेगवेगळ्या का ठेवता. ते हसले आणि त्यांनी मला समोर बसवलं. माणूस मोठा शिकवणारा होता. यंत्राबद्दल विचारलं तरी तासभर सांगायचा.

ते म्हणाले, ही दोन भावंडं आहेत आणि त्यांच्यात वाटण्या झाल्या आहेत. क्यूबात क्रांती झाली, सरकारने तंबाखूचे कारखाने ताब्यात घेतले, आणि जुने मालक बेटावरून निघून गेले. जाताना बी आणि नाव बरोबर नेलं. शेजारच्या डोमिनिकन देशात, होंडुरासमध्ये त्यांनी पुन्हा कारखाने घातले. म्हणून एकाच नावाचा सिगार आता दोन ठिकाणी होतो. नाव वाचून काही कळत नाही. माती वेगळी आहे.

मग त्यांनी एकेक सिगार माझ्या हातात दिला. क्यूबाच्या सिगारमधलं सगळं पान त्या एकाच बेटावरचं असतं. आतला भरणा, तो बांधून ठेवणारं पान आणि वरून गुंडाळलेलं पान, तिन्ही तिथलीच. दुसऱ्यांमध्ये भरणा एका देशाचा, वरचं पान पार आफ्रिकेतलं किंवा अमेरिकेतलं, असं मिसळलेलं. ते वाईट असतं असं नाही, ते म्हणाले, कधीकधी ते जास्त नीटनेटकंही असतं. पण जीभ वेगळं सांगते. रोज जेवणानंतर ते डोमिनिकनच ओढायचे. क्यूबाचा निघायचा तो एखाद्या यंत्राची चाचणी पार पडली की.

मी ओढणार नव्हते, म्हणून त्यांनी मला वासावरून शिकवलं. क्यूबाच्या सिगारला ओल्या मातीचा, गोठ्याचा, नव्या चामड्याचा वास असे, थोडा नाकात झोंबणारा. दुसऱ्याला वाळल्या गवताचा, बदामाचा, सौम्य. रंग बघायचा, वरच्या पानावर तेलाची झाक आहे का ते बघायचं. पेटीच्या बुडाला डागलेले स्पॅनिश शब्द आणि कडेला चिकटवलेली सरकारी हिरवी पट्टी बघायची. आणि शेवटी टोक. तोंडात धरायच्या टोकाला पानाचीच टोपी बसवलेली असते. क्यूबाचे कारागीर ती तीन वळशांत बसवतात, नीट पाहिलं तर तीन बारीक रेघा दिसतात. दुसरीकडे बहुधा दोनच. "वास फसवू शकतो," ते म्हणाले, "पेटी तर बदलताच येते. हात सहसा फसवत नाही."

हे सगळं मी त्या दिवशी वहीत लिहून घेतलं होतं. शॉर्टहँडमध्ये.

पुढच्या महिनाभरात साहेब गंमत म्हणून माझी परीक्षा घ्यायचे. मला डोळे मिटायला सांगून नाकाशी सिगार धरायचे, आणि मी दहातून नऊदा बरोबर सांगायचे. ऑफिसात त्याचा बोलबाला झाला. एकदा सिरोंच्याहून आलेल्या ड्रायव्हरने तिकडचे चुट्टे आणले, तेलुगू शेतकरी स्वतःच्या तंबाखूचे वळतात तसले. साहेबांनी एक पेटवला, दोन झुरके घेतले, डोळ्यांत पाणी आणलं आणि गंभीरपणे म्हणाले, "हाही क्यूबाचा नाही." आम्ही सगळे खूप हसलो.

त्याच दिवशी भाऊ चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभे होते. ते मला म्हणाले, "बाई, सायबाले सांगा, आमच्या तेंदूपानाचंबी असंच असते. नाल्याकाठचं पान येगळं, पहाडावरचं येगळं. हात लावला का समजते. मी बारा वर्षं फळीवर पान तपासलं हाये." फळी म्हणजे जंगलातून गोळा झालेली तेंदूची पानं जिथे तपासून घेतात ती जागा.

साहेबांनी मला विचारलं, "काय म्हणतो तो?"

मी म्हटलं, "काही नाही सर. चहात साखर किती घालू विचारतायत."

का म्हटलं? बिडीच्या पानाची गोष्ट मध्ये आली तर माझं सगळं क्यूबा एकदम खाली येईल असं वाटलं असेल. भाऊंना इंग्रजी येत नव्हतं, पण 'शुगर' हा शब्द कोणाला कळत नाही? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ट्रे ठेवला आणि गेले.

एप्रिलच्या मध्यावर साहेब सुट्टीवर मायदेशी गेले ते जूनच्या शेवटी येणार होते. सिगारच्या पेट्या त्यांच्या खोलीतल्या लाकडी कपाटात असत आणि कपाटात साबणाच्या उघड्या डबीत ओला स्पंज ठेवलेला असे. तंबाखूचं पान कोरडं पडलं तर मरतं, त्याला थोडी ओल लागते. स्पंज भिजवायचं काम ते स्वतः करत, कोणाला हात लावू देत नसत. जाताना त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "दर तिसऱ्या दिवशी. उकळून गार केलेलं पाणी. तुला जमणार नसेल तेव्हा बाऊला सांगून ठेव. आणि मुंबईचे मोठे साहेब आले तर त्यांना क्यूबाच्या पेटीतला दे." कपाटाची दुसरी किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला असायची, पण साहेब नसताना त्यांच्या कपाटाला भाऊ हात लावत नसत.

पहिले दोन आठवडे मी नेमाने स्पंज भिजवला. मग चुलत बहिणीचं लग्न निघालं आणि मी गावी गेले. आठ दिवसांची रजा वीस दिवसांची झाली. चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला माहीत असेल. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं, रात्री भिंती हाताला पोळतात. वरच्या खोलीतला कूलर साहेब नाहीत म्हणून बंद होता. निघताना भाऊंना सांगून ठेवायचं माझ्याकडून राहिलं. परत आल्यावर कामाचा ढीग होता. मी कपाट उघडलंच नाही.

जूनच्या सुरुवातीला मुंबईहून मोठे साहेब आले. दुपारच्या जेवणानंतर मॅनेजरने मला बोलावलं. "आमच्या या बाई सिगारच्या एक्स्पर्ट आहेत," तो पाहुण्यांना म्हणाला. "वासावरून देश सांगतात." सगळे कौतुकाने बघायला लागले. मी वर जाऊन पेटी आणली आणि टेबलावर उघडली.

वास आला नाही. सिगार फिकट दिसत होते, मातकट. तेलाची झाक नव्हती. एकाचं वरचं पान उभं चिरलं होतं. मोठ्या साहेबांनी एक पेटवला, ओढला, खोकले. राख भुगा होऊन त्यांच्या पँटवर पडली. ते मला म्हणाले, "हे क्यूबन आहेत? मला तर गवत ओढल्यासारखं वाटतंय."

खोलीत सहा-सात माणसं होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती.

मी एक सिगार उचलला, नाकाशी धरला आणि म्हटलं, "नाही सर. हे क्यूबाचे नाहीत. कोणीतरी पेटीत दुसरे ठेवलेत."

स्पंज मला कधी आठवला, हे वाक्य बोलण्याआधी की नंतर? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल त्याचा हिशेब नाही. नंतर आठवला असंच मी इतकी वर्षं म्हणत आले. पण पेटी घेऊन जिना उतरताना ती साबणाची डबी माझ्या डोळ्यांसमोर होती, कोरडी, तळाशी पांढरी पडलेली. ती मी पाहिली होती. एवढंच खात्रीने सांगता येतं.

"म्हणजे बदलले?" मॅनेजर म्हणाला. "किल्ली कोणाकडे असते?"

"एक माझ्याकडे," मी म्हटलं. "एक स्वयंपाकघरात."

भाऊंना बोलावलं. ते पंच्याला हात पुसत आले. मॅनेजरने विचारल्यावर त्यांनी पेटीतला एक सिगार उचलला, अंगठ्याने हलकेच दाबला. पान कुरकुरलं.

"साहेब, हे बदलले नाईत. पान वाळलं हाये. उन्हानं मेलं. तेच पान हाये."

"तुला रे काय कळतं?" मॅनेजर म्हणाला. "बिडी ओढणारा माणूस तू. इथे या बाई सांगतायत."

भाऊ माझ्याकडे वळले. "बाई, तुमी शिकलेल्या. नीट पाहून सांगा ना."

नीट पाहायचं असतं तर टोक होतं. तीन रेघा. सिगार माझ्या हातातच होता. मी तो उलटा करून पाहिला नाही. डोमिनिकनची पेटीही वर कपाटात होती. ती आणून त्यातले कमी झालेत का ते मोजलं असतं तरी कळलं असतं. ते कोणाला सुचलं नाही, आणि मी सुचवलं नाही. आता मागे फिरले तर पुढचा प्रश्न काय येणार हे मला दिसत होतं. शिवाय दुसरं एक होतं, ते लिहायला जास्त जड जातं. मी भाऊंची बाजू घेतली तर 'आपल्या माणसाची बाजू घेतली' असं होईल, अशी भीती मला वाटली.

मी म्हटलं, "मला तो वास येत नाहीये."

मोठे साहेब म्हणाले, जाऊ द्या, सिगार तो काय. ते संध्याकाळच्या गाडीने गेलेही. मॅनेजरने मात्र जाऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊंची पत्र्याची पेटी बंगल्याच्या फाटकाशी होती आणि ते सायकल-रिक्षाची वाट बघत उभे होते. मी सायकलवरून उतरले. काहीतरी बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "सायबाच्या खोलीतला कूलर लावत जा आता. गरम होते तिथी." मी मान हलवली आणि आत गेले.

जूनच्या शेवटी साहेब आले. आल्या आल्या विचारलं, बाऊ कुठे. मॅनेजरने सांगितलं. साहेबांनी पेटी उघडली, एक सिगार खिडकीशी नेला आणि टोक माझ्यापुढे धरलं.

"काय दिसतं?"

तीन रेघा होत्या. अगदी स्पष्ट.

"हे क्यूबाचेच आहेत," ते म्हणाले. "वाळून मेलेत. तुला हे मी शिकवलं होतं." मग कपाटातून त्यांनी डबी काढली. स्पंज दगडासारखा झाला होता. "स्पंज?"

मी म्हटलं, "मी गावी जाताना भाऊंना सांगून गेले होते."

याआधीचं सगळं चूक म्हणून खपवता येईल. घाई, मिजास, भीती, काहीही नाव द्या. हे वाक्य चूक नव्हतं. विचारायला आणि उत्तर द्यायला मध्ये भरपूर वेळ होता. तेवढ्या वेळात मी खोटं निवडलं.

साहेब खुर्चीत बसले. "म्हणजे तो विसरला," ते म्हणाले. "विसरल्याबद्दल माणसाला चोर म्हणत नाहीत. त्याला परत बोलाव." ते मॅनेजरशी भांडले, पुष्कळ मोठ्याने. मग मला समोर बसवून चिठ्ठीचा मजकूर सांगितला आणि मराठीत लिहायला लावला: तुमच्यावर चोरीचा आळ आला तो चुकीचा होता, स्पंज भिजवायचं तुम्ही विसरलात, त्याची काही हरकत नाही, कामावर परत या.

साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं. स्पंजाचं वाक्य मी गाळू शकले असते. गाळलं नाही. भाऊ परत आले आणि साहेबांनी स्पंजाचा विषय काढला तर त्यांना आधी माहीत असलेलं बरं, असा मी विचार केला. म्हणजे ते समजून घेतील आणि मला सांभाळून घेतील असं मी गृहीत धरलं होतं. स्वच्छ अक्षरात चिठ्ठी लिहिली. आरमोरीकडे जाणाऱ्या ड्रायव्हरबरोबर पाठवली.

भाऊ आले नाहीत. उत्तरही नाही. बंगल्यावर नवा माणूस आला होता, तोच राहिला. साहेबांचं काम दिवाळीच्या सुमारास संपलं. जाताना त्यांनी मला त्या क्यूबाच्या रिकाम्या पेटीचं लाकडी झाकण दिलं, आठवण म्हणून. मी ते वाटेतच एका नाल्यात टाकलं.

त्या हिवाळ्यात मी भाऊंच्या गावी गेले. घरी खोटं सांगितलं की आरमोरीला मैत्रिणीकडे जाते. एसटीने आरमोरी आणि पुढे बैलगाडीवाल्याला विचारत विचारत. धान कापून झालं होतं, खळ्यांवर मळणी चालू होती. भाऊ अंगणातच होते. मला पाहून उठले आणि घरात हाक मारली, "अवो, पाणी आणा. हाफिसातल्या बाई आल्या."

त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. ती म्हणाली, "हेच का त्या? ज्याईनं आमच्या मानसाले चोर केलं?"

"आता आली ना घरी," भाऊ म्हणाले. "बसू दे."

त्यांची एक लेक होती, लग्नाची, सातवीपर्यंत शिकलेली. ती दारात टेकून उभी होती. भाऊच बोलले.

"सायबाची चिठ्ठी आली होती. पोरीकडून दोनदा वाचून घेतली. लिवलं होतं, स्पंज भिजवाचं तुमी विसरले. म्या म्हटलं, कोणता स्पंज? मले कोनं सांगतलं? मंग अक्षर पाह्यलं पोरीनं. म्हणे, बाईमाणसाचं दिसते. तवा समजलं."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मंग आलो नाई. आलो असतो तं सायबानं इचारलंच असतं. मी खोटं काऊन बोलू? अन् खरं बोललो असतो तं तुमचं काम गेलं असतं. तुमच्या वडिलानं कसं शिकवलं तुमाले, मले मालूम हाये."

"तुम्हाला राग नाही आला, भाऊ?"

"आला ना. काऊन नाई येईन? चार दिवस जेवन गेलं नाई. गावात सांगतलं कोणी तरी, चोरी करून आला म्हणून. हे पोरगी पान्याले जाते तं बाया चूप होतात." "तुमी आल्या तं एक काम करा. संध्याकाळी वंदनेले लोकं जमतात विहारात. तिथी चार लोकाईत सांगून द्या. मी सांगतलं तं कोण आयकते?"

मी हो म्हटलं.

विहार म्हणजे मातीच्या भिंतींची एक खोली होती, समोर शेणाने सारवलेलं अंगण. वीस-पंचवीस माणसं होती. वंदना झाल्यावर भाऊ उठून म्हणाले, चंद्रपूरच्या हाफिसातल्या बाई आल्यात, त्याईले काही सांगाचं हाये. मी उभी राहिले. वाटेत मी सगळं मनाशी जुळवलं होतं: स्पंज माझ्याकडे होता, भिजवायचं मी विसरले, खोटं मी बोलले.

तोंडातून निघालं ते असं: "भाऊंनी काही चोरलेलं नाही. ऑफिसात एक गैरसमज झाला होता. साहेबांनी तो मान्य केला आहे."

लोकांनी माना हलवल्या. एक म्हातारा म्हणाला, "आमाले मालूमच होतं." बायका भाऊंच्या बायकोशी बोलायला लागल्या. भाऊ माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या बायकोने मात्र घरी आल्यावर भात वाढता वाढता विचारलं, "गैरसमज कोनाचा झाला होता, ते नाई सांगतलं तुमी."

मी जेवले. तिने वाढलेला भात खाल्ला, वरून आमटी घेतली. पाहुणी म्हणून मला पलंग दिला, आणि भाऊ खाली झोपले. सकाळी ते आरमोरीच्या एसटीपर्यंत मला सोडायला आले. गाडीत बसल्यावर खिडकीशी उभं राहून म्हणाले, "जेवढं सांगतलं तेवढ्यानंबी काम झालं, बाई. जा." त्यांनी माझी लाज राखली, आणि मी ती राखून घेतली.

भाऊ त्यानंतर दोन वर्षांनी वारले. मला माझ्या भावाकडून कळलं, तेही उशिराने. तोवर मी दुसऱ्या ऑफिसात होते, बढतीही झाली होती. मी पुन्हा त्या गावी गेले. भाऊंची बायको घरी नव्हती, कुठे मजुरीवर गेली होती. लेक होती. तिचं लग्न झालं होतं, बाळंतपणाला माहेरी आली होती. अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून. तेंदूपानाचं बोलणं मी साहेबांपासून लपवलं ते, डबी, किल्ली, टोकावरच्या तीन रेघा, साहेबांना सांगितलेलं खोटं, विहारात गिळलेलं वाक्य. ती मधून मधून सुपातला खडा काढून बाजूला टाकत होती. एकदाही मला थांबवलं नाही.

माझं संपल्यावर तिने विचारलं, "मंग तुमची नोकरी राह्यली?"

"राहिली," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. सूप उचललं आणि आत गेली. मी बराच वेळ अंगणात बसून राहिले. ती बाहेर आली नाही.